एका फोटोपायी अख्खी बॅच अडते तेव्हा: इमेज हेडरचे एरर कोडमध्ये कसे हाताळायचे

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचे आहे. थंबनेल बनवणारा जॉब रात्री सुरू होतो, काही हजार फोटो सुरळीत पार पडतात आणि मग पायथनच्या पिलो लायब्ररीकडून ‘कॅनॉट आयडेंटिफाय इमेज फाइल’ असा एरर येऊन सगळे ठप्प होते. सकाळी कोणीतरी तो एक फोटो हाताने बाजूला काढतो आणि जॉब पुन्हा चालवतो. दोन दिवसांनी दुसऱ्या फोटोवर तीच कथा. शेवटी वैतागून सगळ्या कोडभोवती ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडून पुढे जाऊ देणारी पायथनची रचना) गुंडाळले जाते. जॉब थांबायचा बंद होतो, पण लोकांचे फोटो मुकाट्याने गायब व्हायला लागतात. हा बिघाड पहिल्यापेक्षा वाईट, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही.

हा एरर येतो तो हेडर, म्हणजे फाइलीचा प्रकार आणि मापे सांगणारे सुरुवातीचे बाइट, वाचताना. मूळ गोंधळ असा की एकाच एररखाली तीन वेगळी दुखणी येतात. एक, फाइल इमेजच नाही; नाव जेपीजी, आत दुसरेच काही. दोन, इमेज धडधाकट आहे, पण आपल्या लायब्ररीला तो फॉरमॅट वाचता येत नाही. तीन, फॉरमॅट वाचता येतो, पण फाइल खरोखरच तुटलेली आहे. पहिल्यात पाठवणाऱ्याला नीट सांगायचे असते, दुसऱ्यात आपला सर्व्हर दुरुस्त करायचा असतो, तिसऱ्यात फाइल पुन्हा मागवायची असते. ‘फाइल करप्ट आहे’ हे निदान सर्वांत शेवटी करावे. सपोर्ट तिकिटांवर ते सर्वांत आधी लिहिलेले असते.

आधी बाइट बघा, मग कोड

एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका. ब्राउझरने पाठवलेल्या कंटेंट-टाइपवरही नको, कारण ब्राउझर तो सहसा एक्स्टेन्शन बघूनच ठरवतो. लिनक्स किंवा मॅकवर ‘एक्सएक्सडी’ कमांडला ‘एल’ पर्याय देऊन पहिले ३२ बाइट काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ तेच काम करते. ‘फाइल’ नावाची कमांड झटपट उत्तर देते, पण प्रत्यक्ष बाइट डोळ्यांनी बघितले तर ती जे सांगत नाही तेही कळते.

धडधाकट इमेजची सुरुवात, म्हणजे तिची सही, अशी दिसते (बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत आहेत; त्यातली अक्षरे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत):

- जेपीईजी: एफएफ डी८ एफएफ
- पीएनजी: ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए
- जीआयएफ: ४७ ४९ ४६ ३८, पुढे ३७ ६१ किंवा ३९ ६१
- बीएमपी: ४२ ४डी
- टिफ: ४९ ४९ २ए ०० किंवा ४डी ४डी ०० २ए
- वेबपी: ५२ ४९ ४६ ४६, मग आकाराचे ४ बाइट, मग ५७ ४५ ४२ ५०
- हाइक (आयफोनचा फोटो फॉरमॅट) आणि एव्हीआयएफ: पहिले ४ बाइट सोडून ६६ ७४ ७९ ७०, त्यापुढे ब्रँडचे, म्हणजे नेमका प्रकार सांगणारे, ४ बाइट

जेपीईजीचा चौथा बाइट तपासू नका. तो ई० असला तर जेएफआयएफ, ई१ असला तर बहुधा एक्झिफ (कॅमेऱ्याने फोटोत घातलेली माहिती), पण डीबी, ई२, ईई यांनी सुरू होणाऱ्या फाइलीही अगदी वैध असतात. पायथनच्या ‘आयएमजीएचडीआर’ मॉड्यूलची गोची इथेच होती. ते सातव्या बाइटपासून ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही अक्षरे शोधायचे, त्यामुळे अॅडोबीच्या किंवा रंग-प्रोफाइलच्या मार्करने (पुढचा भाग कशाचा ते सांगणाऱ्या बाइटने) सुरू होणारी चांगली जेपीईजी त्याला ओळखू यायची नाही. पायथन ३.१३ मधून ते मॉड्यूल काढूनच टाकले आहे. जुन्या कोडमध्ये ते अजून असेल तर आजच बदला.

वेबपीसाठी फक्त पहिले चार बाइट बघणे पुरत नाही, कारण डब्ल्यूएव्ही आणि एव्हीआय फाइलीही त्याच चार बाइटनी सुरू होतात. हाइकचेही तसेच: ६६ ७४ ७९ ७० एमपी४ व्हिडिओतही असते, म्हणून पुढचा ब्रँड वाचावाच लागतो. तो ‘हाइक’, ‘हाइक्स’ किंवा ‘एमआयएफ१’ असेल तर फोटो, ‘एव्हीआयएफ’ असेल तर एव्हीआयएफ. टिफची सही दिसली म्हणजे साधी टिफच असेल असेही नाही. अनेक कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली, डीएनजीसुद्धा, टिफच्याच सांगाड्यावर बांधलेल्या असतात.

चुकीचे बाइटही बोलतात

खरी मजा सही न जुळणाऱ्या फाइलींत असते. सुरुवातीचे बाइट पाहून बिघाड कुठे झाला ते बहुतेक वेळा सांगता येते.

३सी २१ ४४ ४एफ किंवा ३सी ६८ ७४ ६डी दिसले तर ती एचटीएमएल आहे. डाउनलोडरने लॉगिनचे किंवा ४०४ चे पान ‘फोटो डॉट जेपीजी’ नावाने जपून ठेवले आहे. ७बी २२ म्हणजे जेसन, बहुधा एखाद्या एपीआयचा एरर संदेश. ३सी ३एफ ७८ ६डी म्हणजे एक्सएमएल: एकतर क्लाउड स्टोरेजचा ‘अॅक्सेस डिनाइड’, नाहीतर एसव्हीजी. या सगळ्यांवर इलाज इमेजच्या कोडमध्ये नाही. डाउनलोड करताना स्टेटस कोड २०० आहे का हे न बघणाऱ्या ओळीत तो आहे.

१एफ ८बी म्हणजे जीझिप. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत सर्व्हरच्या उत्तराचा ‘रॉ’ प्रवाह थेट फाइलीत ओतला की असे होते, कारण तो प्रवाह आपोआप उलगडला जात नाही.

ईएफ बीएफ बीडी हे त्रिकूट दिसले तर मात्र आशा सोडा. कुणीतरी बायनरी फाइल यूटीएफ-८ मजकूर समजून वाचली आणि परत लिहिली. जो बाइट यूटीएफ-८ मध्ये बसला नाही त्याच्या जागी हे तीन बाइट आले. पीएनजीच्या बाबतीत ईएफ बीएफ बीडी ५० ४ई ४७ असे दिसते, जेपीईजीत हेच त्रिकूट ओळीने अनेकदा. मूळ बाइट कोणते होते ही माहितीच उरलेली नसल्याने अशी फाइल दुरुस्त होत नाही. दुरुस्त करायचा तो पाठवणारा कोड: नोड जेएसमध्ये बफरऐवजी स्ट्रिंग वापरली असेल, किंवा मल्टिपार्ट फॉर्म हाताने जोडताना डिकोड केले असेल.

ईएफ बीबी बीएफ मात्र वेगळे. तो यूटीएफ-८ चा बॉम, म्हणजे मजकुराच्या फाइलीच्या सुरुवातीला लावली जाणारी खूण. त्याच्यामागे अख्खी इमेज शाबूत असते. पीएचपीमधून इमेज तयार करून पाठवताना एखाद्या इन्क्लूड फाइलीच्या डोक्यावर बॉम किंवा रिकामी ओळ राहिली की इमेजच्या आधी हे बाइट, किंवा नुसता ०ए, घुसतो. इथे पहिल्या ६४ बाइटांत एफएफ डी८ एफएफ शोधून तिथपासूनचा भाग कापून घेतला की फोटो उघडतो. तरी हा उपाय आधीच साठलेल्या फाइलींपुरता. तो कोडमध्ये कायम ठेवला तर मूळ पीएचपी फाइल कोणीच दुरुस्त करणार नाही.

पीएनजीची आठ बाइटांची सही तर निदानासाठीच घडवलेली आहे. पहिला ८९ हा बाइट सात बिटांच्या वाहतुकीत बदलतो, ०डी ०ए ही जोडी आणि शेवटचा ०ए ओळ-बदलाचे रूपांतर झाले की मोडतात. ८९ ५० ४ई ४७ नंतर थेट ०ए १ए ०ए दिसले तर फाइल कुठेतरी टेक्स्ट म्हणून गेली आहे: एफटीपीचा अॅस्की मोड, किंवा गिटच्या अॅट्रिब्यूट्समध्ये बायनरीऐवजी टेक्स्ट अशी नोंद.

आणखी तीन नेहमीचे पाहुणे. ०० ०५ १६ ०७ हे मॅकच्या झिपमधून आलेल्या, नावाची सुरुवात डॉट-अंडरस्कोअरने होणाऱ्या फाइलीचे बाइट. ती इमेज नव्हेच, नावावरून गाळून टाका. ७६ ६५ ७२ ७३ आणि आकार जेमतेम शंभर-दीडशे बाइट असेल तर तो गिट एलएफएसचा पॉइंटर आहे, खरी फाइल ओढलीच गेलेली नाही. आणि आकार बरोबर पण सगळे बाइट ००? वीज गेल्यावर किंवा मेमरी कार्ड घाईने उपटल्यावर असे होते: फाइल सिस्टिमने जागा राखली, डेटा लिहायचा राहिला.

हेडर तपासणाराच हेडर खातो

हे कारण वेगळे सांगायला हवे, कारण ते आपल्याच कोडमध्ये असते आणि महिनोन्‌महिने सापडत नाही. अपलोडचा प्रवाह आला, प्रकार ओळखण्यासाठी पहिले ३२ बाइट वाचले, प्रकार जेपीईजी निघाला, मग तोच प्रवाह स्टोरेजकडे पाठवला. पॉइंटर (वाचन कुठवर आले ती जागा) ३२ वर असतो, त्यामुळे साठवलेल्या फाइलीला डोकेच नसते. तपासणी पास, फाइल मोडकी. पिलोच्या इमेज-ओपननंतरही असेच होते: ते उघडताना प्रवाह शून्यावर नेते, पण हेडर वाचून झाल्यावर पॉइंटर कुठे असेल याचा नेम नाही. नियम साधा ठेवा: ज्या फंक्शनने वाचले त्यानेच बाहेर पडण्यापूर्वी सीक शून्यावर करायचे, म्हणजे पॉइंटर परत सुरुवातीला न्यायचा. प्रवाहाला सीकच येत नसेल तर वाचलेले बाइट आणि उरलेला प्रवाह जोडून पुढे द्यायचा. गो भाषेत डीकोड-कॉन्फिगनंतर डीकोड बोलावणारे नेमके इथेच घसरतात.

याचा चुलत भाऊ म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल उचलणे. अपलोड चालू असताना फोल्डरवर नजर ठेवणारा जॉब ती घेऊन पळतो. लिहिताना तात्पुरते नाव वापरा आणि पूर्ण झाल्यावर त्याच डिस्कवर ‘ओएस रिप्लेस’ने नाव बदला. ‘पाच सेकंद थांबून बघू’ हा उपाय नव्हे, मंद नेटवर्कवर तो हमखास हरतो.

पिलोमध्ये तीन पायऱ्या, तीन अर्थ

पिलोचे ‘ओपन’ आळशी आहे. ते फॉरमॅट ओळखते, हेडर वाचते आणि थांबते. पिक्सेल उलगडतात ते ‘लोड’ बोलावल्यावर, किंवा रिसाइझ-सेव्हसारखे काही केल्यावर. म्हणून ‘ओपन’ यशस्वी झाले याचा अर्थ एवढाच की हेडर शाबूत आहे. ज्यांनी ट्राय-एक्सेप्ट फक्त ‘ओपन’भोवती ठेवले आहे त्यांचा जॉब तीन ओळी पुढे, रिसाइझमध्ये पडतो.

मधली पायरी ‘व्हेरिफाय’. नाव भारदस्त, काम मर्यादित. पीएनजीत ते प्रत्येक चंकाचा (फाइलीतल्या तुकड्याचा) सीआरसी, म्हणजे डेटा बिघडला का ते सांगणारा तपासणीचा आकडा, जुळवते, तेवढा उपयोग आहे. जेपीईजीत ते जवळजवळ काहीच करत नाही. अर्धी कापलेली जेपीईजी ‘व्हेरिफाय’मधून निर्धास्त पार होते. शिवाय ‘व्हेरिफाय’नंतर तोच इमेज ऑब्जेक्ट वापरता येत नाही, फाइल पुन्हा उघडावी लागते. खरी तपासणी हवी तर ‘लोड’ करा. त्याला वेळ लागतो हे खरे, पण थंबनेल बनवायचेच असेल तर तो वेळ तसाही जाणारच.

आता एक्सेप्शन. पिलो ७.० पासून ‘अनआयडेंटिफाइड इमेज एरर’ वेगळा आहे, पण तो ‘ओएस एरर’चाच उपवर्ग. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, डिस्क भरली, हेही ‘ओएस एरर’चेच. त्यामुळे ‘ओएस एरर’ पकडून ‘फोटो खराब’ असा शिक्का मारला की एखाद्या रात्री नेटवर्क ड्राइव्ह निसटतो आणि सकाळी दहा हजार चांगले फोटो ‘खराब’ म्हणून नोंदलेले सापडतात.

यातून सुटायची युक्ती सोपी आहे. वाचन आणि उलगडणे वेगळे करा:

१. आधी फाइलीचा आकार बघा. शून्य असेल तर तिथेच ‘रिकामी’ म्हणून परत. तुमच्या मर्यादेपेक्षा, समजा २५ एमबीपेक्षा, मोठी असेल तरी तिथेच परत.

२. सगळे बाइट स्वतः मेमरीत वाचा. इथे आलेला ‘ओएस एरर’ हा यंत्रणेचा दोष. तो पकडून गिळू नका, वर जाऊ द्या. असा जॉब पुन्हा चालवण्यात अर्थ असतो.

३. पहिल्या १६ बाइटांवरून स्वतःच्या फंक्शनने प्रकार ठरवा: ज्ञात, ज्ञात पण न चालणारा, अज्ञात.

४. बाइट ‘बाइट्स-आयओ’मध्ये घालून ‘ओपन’ करा, आणि ‘फॉरमॅट्स’ या पर्यायात फक्त हवे ते फॉरमॅट द्या. हा पर्याय पिलो ८.० पासून आहे. तो न देता पिलो आपल्याकडचे डझनावारी फॉरमॅट आजमावून बघते, आणि त्यात ईपीएससारखे, घोस्टस्क्रिप्ट या बाहेरच्या प्रोग्रामला कामाला लावणारे फॉरमॅटही येतात. अनोळखी लोकांच्या अपलोडसाठी ते नकोच.

५. रुंदी-उंची तपासा. मगच ‘लोड’.

चौथ्या-पाचव्या पायरीत येणारा ‘ओएस एरर’ आता डिस्कचा असू शकत नाही, तो फाइलीचाच. त्यासोबत ‘सिंटॅक्स एरर’ (मोडक्या पीएनजीसाठी पिलो तोच फेकते, पायथनच्या व्याकरणाशी संबंध नाही), ‘व्हॅल्यू एरर’, ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलचा एरर आणि ‘ईओएफ एरर’ एवढे पकडा. ‘मेमरी एरर’ या यादीत घालू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा: ‘डीकोडर जेपीईजी नॉट अव्हेलेबल’. हाही ‘ओएस एरर’ म्हणूनच येतो, पण दोष फाइलीचा नसून पिलो लिबजेपीईजीविना बिल्ड झाल्याचा असतो. अल्पाइनसारख्या छोट्या डॉकर इमेजमध्ये सोर्समधून बिल्ड करताना जेपीईजीचा आधार बंद ठेवला की हे घडते. सर्व्हिस सुरू होतानाच ‘फीचर्स-चेक’ने जेपीजी, झेडलिब आणि वेबपी आहेत का बघा, आणि नसतील तर सर्व्हिस सुरूच होऊ देऊ नका.

फॉरमॅटचे नाव तपासताना आणखी एक खोच. काही कॅमेरे आणि फोन एका जेपीईजीत एकापेक्षा जास्त चित्रे ठेवतात. अशा फाइलीला पिलो ‘एमपीओ’ म्हणते, जरी सुरुवात एफएफ डी८ एफएफ असली आणि ‘फॉरमॅट्स’मध्ये तुम्ही फक्त जेपीईजी दिले असले तरी. ‘फॉरमॅट जेपीईजी नसेल तर नाकारा’ अशी ओळ असेल तर हे चांगले फोटो परत जातात आणि पाठवणाऱ्याला कळत नाही की जेपीजी पाठवूनही जेपीजी का मागताहेत. ‘एमपीओ’ला जेपीईजीच समजा.

हाइकचे काय करायचे

२०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन मूळ फोटो हाइकमध्ये ठेवतात. आपल्याकडे भरतीच्या आणि प्रवेशाच्या फॉर्मवर ‘फक्त जेपीजी, ५० केबीपर्यंत’ अशी अट पाहून लोक काय करतात? एक्स्टेन्शन बदलतात. त्यात त्यांचा दोष नाही. स्क्रीनवर जे सांगितले तेच त्यांनी केले. पिलो स्वतः हाइक वाचत नाही. ‘पिलो-हाइफ’ पॅकेज बसवून प्रोग्रामच्या सुरुवातीला त्याचा ओपनर रजिस्टर केला की तेच ‘ओपन’ हाइक वाचू लागते. ‘फॉरमॅट्स’च्या यादीत ‘हाइफ’ घालायला विसरू नका. वर्कर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत असतील तर रजिस्टर करायची ओळ प्रत्येक वर्करमध्ये चालली पाहिजे; ‘माझ्या मशीनवर चालते, सर्व्हरवर नाही’ याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते.

उलट, क्रोमने विंडोजवर कधीकधी ‘जेएफआयएफ’ एक्स्टेन्शनने सेव्ह केलेला फोटो आतून शंभर टक्के जेपीईजी असतो. एक्स्टेन्शनच्या यादीवर तो अडवणे हा निव्वळ आडमुठेपणा.

हेडरमधल्या मापांवर किती विश्वास

पीएनजीत मापे मिळवणे सोपे: सतराव्या बाइटपासून चार बाइट रुंदी, पुढचे चार उंची, बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी). सहीपासून आयएचडीआर या मापांच्या चंकाच्या सीआरसीपर्यंत मिळून ३३ बाइट पुरतात. फक्त तेराव्या ते सोळाव्या बाइटांत खरेच ‘आयएचडीआर’ लिहिले आहे ना हे बघा, कारण आयफोन अॅपमधून काढलेल्या पीएनजीत अॅपलचा ‘सीजीबीआय’ चंक त्याच्या आधी बसलेला असतो आणि मग भलतेच आकडे हाती येतात.

जेपीईजीत मापे एसओएफ (चित्राच्या चौकटीची सुरुवात) सेगमेंटमध्ये असतात: एफएफ सी०, सी१ किंवा सी२. इंटरनेटवर फिरणारे कितीतरी तुकडे फाइलीत थेट एफएफ सी० शोधतात. असे करू नका. एक्झिफच्या पोटात एक छोटी जेपीईजी असते, तिचा एसओएफ आधी सापडतो, आणि १२ मेगापिक्सेलचा फोटो १६० बाय १२० निघतो. सेगमेंट एकामागून एक ओलांडत जा: एफएफ, मार्कर, मग दोन बाइट लांबी. ही लांबी स्वतःचे दोन बाइट धरून असते. ती २ पेक्षा कमी आली तर हेडर मोडके समजून बाहेर पडा, नाहीतर लूप जागच्या जागी फिरत राहील. मार्करच्या आधी एकापेक्षा जास्त एफएफ असणे वैध आहे, ते ओलांडा. सी४, सी८ आणि सीसी हे एसओएफ नव्हेत. एसओएफमध्ये लांबीनंतर एक बाइट प्रिसिजन, मग आधी उंची आणि नंतर रुंदी. हा क्रम उलटा वाचणारे कमी नाहीत. आणि मोठा एक्झिफ किंवा रंग-प्रोफाइल असेल तर एसओएफ फाइलीत बराच खोल असू शकतो, त्यामुळे ‘पहिले ५१२ बाइट’ प्रकार ओळखायला पुरतात, मापांना नाही.

माप शून्य असेल तर नाकारा. खूप मोठे असेल तर विचार करा. हेडरमध्ये ६५,५३५ बाय ६५,५३५ लिहिलेली काही केबींची पीएनजी तीन चॅनलना १२ जीबी मेमरी मागते. पिलो ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर इशारा देते आणि त्याच्या दुपटीच्या, म्हणजे १७,८९,५६,९७० च्या वर ‘डीकॉम्प्रेशन बॉम्ब एरर’ फेकते. हा एरर ‘ओएस एरर’चा उपवर्ग नाही, वेगळा पकडावा लागतो. आता गंमत बघा: २०० मेगापिक्सेलच्या फोनचा पूर्ण मापाचा फोटो १६,३२० बाय १२,२४० असतो, म्हणजे १९,९७,५६,८०० पिक्सेल. हल्ला वगैरे काही नाही, कोणीतरी लग्नाचा फोटो पाठवला आहे, आणि तुमचा सर्व्हर त्याला बॉम्ब म्हणतो. मर्यादा काढून टाकणे हा उपाय नाही. तुमच्या वर्करला किती मेमरी आहे ते बघून आकडा स्वतः ठरवा आणि संदेशात ‘फोटो फार मोठा आहे’ असे लिहा, ‘खराब’ नाही.

शेपटी तुटलेल्या फाइली

हेडर ठीक, पण फाइल मध्येच संपते. जेपीईजी एफएफ डी९ ने संपते, पीएनजी आयईएनडी चंकाने. शेवटचे दोन बाइट बघून निकाल देण्याचा मोह होतो, तो टाळा: बरेच फोन जेपीईजीच्या मागे स्वतःचा डेटा किंवा छोटा व्हिडिओ जोडतात. फाइल पूर्ण असते, शेवट वेगळा असतो. वेबपीत मात्र स्वस्त तपासणी आहे: पाचव्या ते आठव्या बाइटांतला लिटल-एंडियन आकडा अधिक ८ हा प्रत्यक्ष आकारापेक्षा जास्त भरला तर फाइल कापलेली आहे. बीएमपीच्या हेडरमध्येही आकार असतो, पण तो बऱ्याच प्रोग्रामनी धड भरलेला नसतो. त्यावर जाऊ नका.

पिलोचा संदेश येतो ‘इमेज फाइल इज ट्रंकेटेड’ आणि कंसात बाइटांचा आकडा. तेवढे बाइट कमी आहेत असा अर्थ लावू नका. ते डीकोडरकडे वापराविना उरलेले बाइट असतात. नेमके किती हरवले ते फक्त मूळ आकाराशी तुलना करून कळते, म्हणून अपलोडच्या वेळी कंटेंट-लेंग्थ नोंदवून ठेवा.

याच एररवर सर्वाधिक सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘लोड ट्रंकेटेड इमेजेस’ हा ध्वज ट्रू करणे. त्याने एरर जातो, आणि फोटोचा खालचा भाग करडा होऊन साठतो. ध्वज अख्ख्या प्रोसेसला लागू होतो, एका फोटोपुरता नाही. पीएनजीच्या दुय्यम चंकांतले सीआरसीचे घोळही तो झाकतो. जुन्या कार्डावरचे फोटो वाचवण्याच्या स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये तो जरूर वापरा. ओळखपत्रे किंवा पावत्या घेणाऱ्या सर्व्हरवर मुळीच नको.

बाकीच्या लायब्ररी, थोडक्यात

ओपनसीव्हीचे ‘आयएमरीड’ एरर देत नाही, नुसते ‘नन’ परत करते. मग पुढे ‘सीव्हीटी-कलर’मध्ये ‘सोर्स एम्प्टी’ असा असंबद्ध वाटणारा एरर येतो. विंडोजवर फाइलीचे किंवा फोल्डरचे नाव देवनागरीत असले तरी ते ‘नन’ देते, फोटो कितीही चांगला असो. ‘दिवाळी’ नावाच्या फोल्डरमधला प्रत्येक फोटो ‘खराब’ निघत असेल तर हेडर तपासत बसू नका. नमपायच्या ‘फ्रॉमफाइल’ने बाइट वाचून ‘आयएमडीकोड’ला द्या.

जावाचे ‘इमेज-आयओ रीड’ अनोळखी फॉरमॅटला नल परत करते, आणि छापखान्याकडून आलेल्या सीएमवायके जेपीईजीला ‘अनसपोर्टेड इमेज टाइप’ म्हणते. ट्वेल्व्हमंकीज प्लगइन दोन्हींवर बराचसा इलाज आहे. गोमध्ये ‘अननोन फॉरमॅट’ आला तर आधी त्या फॉरमॅटचे पॅकेज रिकाम्या नावाने इंपोर्ट केले आहे का ते बघा. नोडच्या शार्पमध्ये ‘फेल-ऑन’ हा पर्याय मुळात ‘वॉर्निंग’वर असतो, म्हणजे बराच कडक, ‘ट्रंकेटेड’वर आणला तर किरकोळ कुरबुरी चालतात आणि कापलेल्या फाइली अडतात. त्याची पिक्सेल मर्यादा २६,८४,०२,६८९ आहे. लिबजेपीईजीचा ‘नॉट अ जेपीईजी फाइल: स्टार्ट्स विथ ८९ ५०’ हा संदेश तर स्वतःच उत्तर सांगतो: पीएनजीला जेपीजी नाव दिले आहे.

आणि सही जुळली म्हणजे फाइल सुरक्षित, असे नव्हे. जीआयएफच्या सहा बाइटांमागे पीएचपी कोड लपवण्याची युक्ती फार जुनी आहे. फोटो उलगडून पुन्हा एनकोड करा आणि नाव तुम्ही ठरवलेले द्या.

निकाल कुठे आणि कसा लिहायचा

आकाराचे दोन निकाल (रिकामी, फार मोठी) सोडून प्रत्येक फाइलीला चारपैकी एक निकाल हवा: ठीक, इमेज नाही, फॉरमॅट चालत नाही, तुटलेली. वेब एपीआयमध्ये मधल्या दोघांना स्टेटस कोड ४१५, तुटलेलीला ४२२, आकाराची मर्यादा ओलांडली तर ४१३. ५०० कधीच नाही; ५०० दिला की क्लायंट तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. क्यूमध्येही तेच. हे निकाल कायमचे आहेत, त्यांच्यावर रिट्राय लावू नका. फक्त वाचनाचे एरर रिट्रायसाठी सोडा. निकाल डेटाबेसमध्ये फाइलीच्या नोंदीवर लिहिला नाही तर रात्रीचा जॉब तोच फोटो रोज नव्याने उचलणार.

लॉगमध्ये नुसते फाइलीचे नाव कामाचे नाही. आकार, दावा केलेला प्रकार, ओळखलेला प्रकार, पहिले १६ आणि शेवटचे १२ बाइट हेक्समध्ये, एक्सेप्शनच्या वर्गाचे नाव आणि लायब्ररीची आवृत्ती, एवढे एका ओळीत टाका. पुढच्या वेळी निदान लॉग वाचूनच होते.

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवा. ‘फोटो उपलब्ध नाही’ हे चित्र तिच्यावर लिहू नका, आणि खऱ्या फोटोच्या पत्त्यावर लांब कॅश मुदतीसह पाठवूही नका. फोटो दुरुस्त झाल्यावरही लोकांना आठवडाभर तेच चित्र दिसत राहते. वापरकर्त्याला दिसणाऱ्या संदेशात पुढे काय करायचे ते असू द्या: ‘हा फोटो हाइक प्रकारचा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग मोस्ट कंपॅटिबल निवडून नवा फोटो काढा’ हे वाक्य ‘अवैध फाइल’पेक्षा दहा फोन वाचवते.

चाचणी

चाचणीच्या फोल्डरमध्ये निदान एवढे नमुने हवेत: शून्य बाइटची फाइल, नुसती आठ बाइटांची पीएनजी सही, सगळे बाइट ०० असलेली, जेपीजी नावाची पीएनजी, जेपीजी नावाची हाइक, जेपीजी नावाचे एचटीएमएल, डीबी मार्करने सुरू होणारी जेपीईजी, एमपीओ, सीएमवायके जेपीईजी, आणि आयएचडीआरमधली मापे वाढवून सीआरसी नव्याने मोजलेली पीएनजी. पीएनजीसूट या मोफत संचात ‘एक्स’ने सुरू होणाऱ्या नावांच्या मुद्दाम मोडलेल्या फाइली आहेत, त्या आयत्या वापरा.

मग एक चांगली जेपीईजी आणि एक चांगली पीएनजी घ्या, आणि लूपमध्ये त्यांचे फक्त पहिले ०, १, २ असे करत २,०४८ पर्यंत बाइट ठेवून, बाकीचे कापून, तुमच्या फंक्शनला द्या. दोन्ही नमुने २,०४८ बाइटांपेक्षा बरेच मोठे असू द्या. प्रत्येक लांबीला ठरलेल्या नकारांपैकीच एक निकाल आला पाहिजे. ‘ठीक’ एकदाही येता कामा नये. त्याखेरीज कुठला एक्सेप्शन बाहेर आला तर पकडायच्या यादीत तो वर्ग राहिला आहे, आणि लूप एखाद्या लांबीला अडकला तर जेपीईजीचे सेगमेंट ओलांडणाऱ्या कोडमध्ये लांबीची तपासणी राहिली आहे.